फिरवायचं बटण

१२ मे, रविवार

विकला म्हणाले होते. मी दहावीत असताना, आईच्या देखत, माझ्या तोंडावर म्हणाले होते, "त्यो डबा इकला मी. आता अभ्यास कर." आणि आज तो डबा वडिलांच्याच अवजारांच्या पेटीत निघाला. पान्यांच्या खाली, जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

डबा म्हणजे हातात धरून खेळायचा माझा व्हिडिओ गेम. मामा कुवेतला ड्रायव्हर होता, त्यानं आणलेला. करडा रंग, हिरवट पडदा, डावीकडे बाणांचं बटण, उजवीकडे दोन गोल लाल बटणं. सोलापूरच्या आख्ख्या शुक्रवार पेठेत तसा दुसरा नव्हता. तो परत मिळावा म्हणून मी जेवण सोडलं होतं, आणि हा माणूस शांतपणे भाकरी मोडत म्हणाला होता, विकला.

बदली झाली म्हणून सामान आवरायला घेतलं, नाहीतर हे उघडकीलाच आलं नसतं. वीज कंपनीत मी ऑपरेटर आहे. एक जूनला टेंभुर्णीच्या उपकेंद्रावर हजर व्हायचंय, टेंपो आदल्या दिवशी सकाळी येईल. तिथे खोली घेतलीय. दोन माणसांना पुरेल एवढी आहे, पण ती तशीच मिळाली. मी काही मुद्दाम मोठी शोधली नव्हती.

अण्णा खाटेवर बसून सगळं बघत होते. मी डबा बाहेर काढला तसे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्हनावं, दुसऱ्याच्या पेटीत हात घालू न्हाय."

भिंतीशी बोलतात ते. आई गेली त्या दिवशी मी चार लोकांसमोर त्यांना म्हटलं होतं, तुम्ही पॉवरलूमचं शेड सोडून वेळेवर आला असतात तर ती वाचली असती. तेव्हापासून अण्णा माझ्याशी थेट बोललेले नाहीत. भिंतीला सांगतात, पंख्याला सांगतात, शेजारच्या सुंदरम्माला सांगतात. म्हनावं चहा झाला का. म्हनावं दार लावून घ्या. मग मीही तेच सुरू केलं. मी काही त्यांच्यापेक्षा कमी नाही.

संध्याकाळी सुंदरम्मा येऊन बसली. भीमण्णाला कुणाच्या भरवशावर सोडून चाललीस, हे तिचं आता रोजचं झालंय. मी तिला स्पष्ट सांगितलं, त्यांनी एकदा माझ्याकडे बघून म्हणावं की मला ने. एवढंच. त्याच क्षणी नेईन. नाही म्हणत तर बसू देत इथे एकटे, भिंतीशी गप्पा मारत. मी होऊन विचारणार नाही.

१३ मे, सोमवार

ह्या घरात पेन्सिल सेल टिकत नाहीत. घड्याळ बंद, रिमोट बंद, टॉर्चही बंद. दुकानदार भेसळीचे सेल देतो असं मी कधीपासून म्हणतेय. आज दुसऱ्या दुकानातून नवे चार आणले आणि डब्यात घातले.

सेलच्या जागी गंजाचा मागमूस नव्हता. स्प्रिंगा लखलखीत. किती जपून ठेवला होता बघा, मला न देण्यासाठी!

डबा सुरू झाला. मी लहानपणीसारखी मांडी ठोकून खाली बसले, ते खोटं कशाला सांगू. आतली कॅसेट मात्र विटांच्या खेळाची. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून फिरवून खाली ओळीत बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. मला हा खेळ कधी आवडला नाही. माझा उड्या मारायचा होता, त्याची कॅसेट पेटीत नाहीच.

आणि वीट फिरेना. डावीकडे जाते, उजवीकडे जाते, खालीही येते, फक्त फिरवायचं बटण मेलेलं. नखानं दाबलं, नाही. जीव खाऊन दाबलं तर एखाद्या वेळी फिरली. म्हणजे मशीन चांगलं आहे, फॉल्ट बटणाच्या खाली आहे. उपकेंद्रावरही आम्ही असंच करतो, चालू काय आहे ते आधी बाजूला काढायचं.

त्या टुंगटुंगीवर सुंदरम्मा भिंतीपलीकडून ओरडली, "सुरू झालं का गं परत ते संगीत?"

परत कसलं? वीस वर्षांनी सुरू झालंय. पण तिच्या बोलण्याला काही धरबंध नसतो. मागे एकदा तिला आमच्या माळ्यावर कुणीतरी भांडी घासताना ऐकू आलं होतं.

आवाज ऐकून अण्णा मात्र ह्या कुशीवरून त्या कुशीवर वळले. उठून बसले, पुन्हा आडवे झाले. त्यांना त्रास होतोय हे बघून मी आवाज आणखी वाढवला.

१५ मे, बुधवार

नवी पेठेत शिवपुत्रचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेत माझ्या वर्गात होता, तेव्हाही दीडशहाणा होता. डबा हातात घेऊन चार गिऱ्हाइकांना दाखवला. "बघा की, हे कुठल्या काळातलं! असलं कोण वापरालंय आता? भंगारात घाल संघप्रिया."

मी म्हटलं, फालतू बोलू नकोस, उघडून दे. मग कळलं की त्याच्याकडे ह्या स्क्रूचा पाना नाही. स्क्रूच्या डोक्यावर तीन पाकळ्या आहेत, साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसत नाही. तर म्हणतो, "ड्रिलनं होल मारू का?" मी डबा हिसकावून घेतला. "एक बटण चालंना तर दुसरं दाब की गं," असं माझ्या पाठीमागे म्हणाला आणि सगळे हसले.

ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रिक्षावाल्याशीही भांडण झालं. घरी येऊन ते ड्रिलचं सगळं सुंदरम्माला सांगितलं, खाटेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. आज मी ज्याच्याशी भांडले नाही असा माणूस आठवत नाही.

१६ मे, गुरुवार

आज कळलं. सगळं कळलं.

सकाळची पाळी करून आले. अण्णा कोपऱ्यावर चहाला गेले होते, तेवढ्यात त्यांची पेटी पुन्हा उपसली. मागाचे पाने, कानशी, चिमटे, आणि तळाशी एक बारका स्क्रू ड्रायव्हर. टोक घासून घासून त्याला तीन पाकळ्या केलेल्या. अण्णा पॉवरलूमच्या शेडात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. हवं ते अवजार हातानं घडवायची त्यांना सवय. चादरीच्या मागाला असला स्क्रू कुठे लागतो कोण जाणे, पण डब्याच्या स्क्रूला लावून पाहिला तर घट्ट बसला. नशीब म्हटलं आणि उघडला.

आत तेल. सगळीकडे तेल. बटणांखालचं रबर फुगलेलं, त्यावर काळा चिकट थर. नाकाशी नेलं आणि ओळखलं, मागाचं तेल. तो वास मी मेल्यावरही ओळखीन. त्यांच्या सदऱ्याला तो होता, रुमालाला होता, शेडातून आणलेल्या भज्यांच्या कागदालाही होता. आमच्या घरात दाराच्या बिजागरीला तेच तेल, आईच्या शिलाई मशीनला तेच, माझ्या शाळेच्या कंपासपेटीलाही तेच. अण्णांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या, तेल घातलेल्या आणि तेल घालायच्या राहिलेल्या.

मग तो स्क्रू ड्रायव्हर कशाला घडवला तेही कळलं. चष्मा लावून, कानशीनं घासत बसून, त्यांनी खास पाना तयार केला, माझा डबा उघडला आणि त्याची वाट लावली. कुणाचं नुकसान करायला इतकी मेहनत घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

१७ मे, शुक्रवार

सुंदरम्माला मुद्दाम बोलावलं. तिला मध्ये बसवलं आणि म्हटलं, "विचारा त्यांना, डब्यात तेल कुणी घातलं?"

"भीमण्णा, तेल तुम्ही घातलं का ओ?"

अण्णांनी पंख्याकडे बघितलं. "म्हनावं, जाम झालतं."

"काय जाम झालं होतं?"

"बटन. म्हनावं, जाम झालं की तेल घालत्यात."

मी म्हटलं, "म्हणावं, पेटीत पडून राहिलेलं बटण आपोआप कसं जाम होतं? हात न लावता?"

अण्णांनी उशी सरळ केली. मग भिंतीकडे वळून पडून राहिले. चोरी पकडली की माणूस असंच तोंड फिरवतो. सुंदरम्मा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "आगं संघू, ते तेल वाईटासाठी घालतं का कुणी?" म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका.

जाताना दारात ती हळूच म्हणाली की एकतीसनंतर त्यांचं दोन वेळचं जेवण तिच्याकडे लावलंय. त्यांनी स्वतःच बोलून ठेवलं. म्हणजे तयारी झाली आहे. छान. माझं डोकं असं उठलं की भाजीत दोनदा मीठ पडलं.

आता एकच गोष्ट ठरवली. हे बटण मी दुरुस्त करणार आणि डबा त्यांच्या डोळ्यांसमोरून टेंभुर्णीला घेऊन जाणार.

१९ मे, रविवार

सुट्टी. सकाळपासून डबा घेऊन बसले. ऑफिसातून आणलेलं स्पिरिट, कापूस, जुना टूथब्रश. तेल काढता काढता कापसाचा ढीग झाला.

बटणाची रचना सोपी आहे. प्रत्येक बटणाखाली रबराची एक वाटी, वाटीच्या बुडाला काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका खालच्या पट्टीवर टेकतो आणि वीज पुढे जाते. बाकी ठिपके काळेभोर, मीटर लावला की लगेच आवाज. शेजारच्या लाल बटणाचा तर कोरा करकरीत. फिरवायच्या बटणाचा ठिपका मात्र नाहीच. झिजून पांढरं रबर दिसतंय. डाव्या बाणाचाही अर्धा गेलाय.

तेलानं खाल्ला असं म्हटलं तर तेल सगळीकडे सारखंच होतं. मग हाच का गेला? फॉल्टचं कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असं समजू नये, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. पण आज डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण माझ्यासमोर खाटेवर बसलं होतं, आणखी कुठलं शोधायचं?

गडद शिशाची पेन्सिल घेऊन वाटीच्या बुडाला खसाखसा घासली. जोडून बघितलं. वीट फिरली! मी मोठ्यांदा "बसलं!" म्हणाले. अण्णा खाटेवरून अर्धे उठले होते. मी बघितलं तसे चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

खेळून पाहिला. मला जमत नाही. विटा वरपर्यंत येतात आणि खेळ संपतो.

२१ मे, मंगळवार

बटण पुन्हा मेलं. परवा रात्री चालत होतं, काल मी हातही लावला नव्हता, आज पाळीवरून येऊन बघते तर पेन्सिलचा थर साफ. सेलही मंद झालेत. चार नवे सेल, आणि पडदा अंधारलाय!

म्हणजे मी कामावर गेले की हा माणूस डब्याला काहीतरी करतो. दुरुस्त झालेलं बघवत नाही. मी उठून डबा लोखंडी कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घातली. त्यांच्या डोळ्यांदेखत घातली. त्यांचा चेहरा पडला, आणि मला बरं वाटलं.

सुंदरम्मा म्हणाली, दुपारी भीमण्णाकडे पाहुणे आले होते का, आत कुणावर तरी ओरडत होते. घरात चिटपाखरू नव्हतं. म्हातारपणी भिंतीवरही ओरडायला लागले असतील.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. पांढरी साडी नेसून सकाळी विहारात जाऊन आले. भन्तेजींनी मैत्रीभावना सांगितली, सगळे प्राणी सुखी होवोत. मी डोळे मिटून सगळ्या प्राण्यांना सुख दिलं, एकाला देताना अडखळले.

खीर केली. आईच्या पद्धतीनं, वेलदोडा जास्त. अण्णांपुढे वाटी ठेवली. त्यांनी हात लावला नाही. सुंदरम्मा खिरीला आली होती, तिच्याकडे बघून म्हणाले, "म्हनावं, म्हाताऱ्या मानसाच्या वस्तूला कुलूप लावू न्हाय."

म्हाताऱ्या माणसाची वस्तू! माझ्या मामानं मला आणलेला डबा ह्यांची वस्तू! माझा आवाज गल्लीभर गेला असेल. "म्हणावं, दहावीतल्या पोरीच्या वस्तूला लावलेलं चालतं का? तेव्हा तिला काय वाटलं असेल, कुणी विचारलं?"

अण्णा उठले. टोपी न घेता, तसेच त्या उन्हात निघून गेले. सुंदरम्मा म्हणाली, आज सणाचं तरी भांडू नकोस गं.

ऊन उतरेपर्यंत आले नाहीत. मी काही वाट बघत नव्हते. दारात उभी होते ती वारा येतो म्हणून. वारा नव्हता. दिवेलागणीला परत आले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि गार झालेली खीर माझ्याकडे पाठ करून खाल्ली. वाटी चाटूनपुसून लख्ख केली होती. 

२७ मे, सोमवार

पेन्सिलीनं भागणार नव्हतं. आज उपकेंद्रावर जुन्या केबलचा तुकडा पडला होता, त्यावरची पातळ तांब्याची पट्टी सोलून आणली. ठिपक्याएवढी गोल कापली. तीन वेळा वाकडी कापली गेली, चौथी जमली. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून वाटीच्या बुडाला चिकटवली.

सुरुवातीला उलटंच झालं. बटण न दाबताच वीट गरागरा फिरायला लागली, कारण पट्टीची कड बाहेर आली होती. ती छाटली. मीटरचा आवाज खणखणीत आला.

हे सगळं मी खोलीच्या मधोमध, दिव्याखाली बसून केलं. अण्णा चष्मा लावून खाटेवरून मान लांब करत होते. एकदा म्हणाले, "म्हनावं, कड घासून घ्यावी कानशीनं." मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग ते आतल्या खोलीत गेल्यावर कड घासून घेतली.

सेल काढले, डबा पुन्हा कपाटात, कुलूप.

३० मे, गुरुवार

निजायच्या आधी हे लिहून ठेवते.

सामान सगळं बांधून झालं. खोलीत न बांधलेलं असं फक्त त्यांची खाट, त्यांची अवजारांची पेटी आणि भिंतीवरचं घड्याळ राहिलं. त्यांचा तेवढाच कोपरा बघून मला कसंतरी झालं. ते झटकायला म्हणून कपाटातून डबा काढला, सेल घातले. शेवटची चाचणी घ्यायचीच होती. वळकटीवर बसले आणि खेळ लावला.

बटण उत्तम. मीच वाईट. विटा वेड्यावाकड्या साचत गेल्या. लांब काठीसारखी वीट आली, मी ती आडवी टाकायला निघाले, आणि खाटेवरून आवाज आला,

"उबी कर की ती!"

मी थबकले. वीट खाली येत होती.

"फिरव! आगं संघे, फिरव, डावीकडं घे! त्या फटीत घाल की! गेली. गेली बघ. घालवलीस."

भिंतीला नाही, पंख्याला नाही. माझ्याकडे बघून. माझं नाव घेऊन. इतक्या वर्षांनी ह्या माणसाला माझ्याशी बोलावंसं वाटलं, ते मला खेळता येत नाही म्हणून!

मला असा संताप आला की डबा खाली आपटणार होते. त्यांनी खाटेवरून हात पुढे केला. "दे हिकडं. तुला न्हाय येत."

आणि मी दिला. का दिला, माहीत नाही.

अण्णा खेळायला लागले. मी बघत राहिले. त्यांचा उजवा अंगठा पूर्वी शेडात मागात सापडला होता, टोकाला जाणीव नाही. पेला धरला तरी निसटतो, म्हणून मी कायम ओरडते. त्या अंगठ्यानं ते बटण दाबत नव्हते, खांद्यापासून जोर लावून रेटत होते. दाबलं गेलंय हे अंगठ्याला कळतच नाही, मनगटाला कळेपर्यंत रेटायचं. माग सुरू करायचा दांडा ओढावा तसं. आणि विटा अशा बसत होत्या की एकेक ओळ भरत होती, जात होती. चार ओळी एकदम गेल्या. डब्यानं ते लहानसं संगीत वाजवलं.

भिंतीपलीकडून सुंदरम्मा ओरडली, "आता कसं, भीमण्णा!"

तेल नव्हे. तेलानं नव्हता गेला तो ठिपका, ह्या रेटण्यानं गेला.

"विकला म्हणाला होतात," मी म्हटलं. थेट म्हटलं. तोंडून निघून गेलं.

"मग तवा काय म्हनायचं? पेटीत हाय म्हनलं असतं तर तू पेटी फोडली असतीस." डोळे पडद्यावरच. "तुजी आई गेली. मग शेड बी बंद झालं. तू पाळीला गेलीस की घरात आवाज न्हवता कसला. पेटीत हे गावलं. जरा वाजायचं तरी."

"आणि घड्याळातले सेल?"

 एक वीट चुकली त्यांची.

मी खूप बोलले मग. आईचंही बोलले, सगळं पुन्हा. शेड का सोडलं नाही, कुणी निरोप दिला होता, कधी दिला होता. ते म्हणाले, निरोप मुकादमानं पाळी संपल्यावर दिला. हे मला कधी सांगितलं नाहीत का, म्हटलं. तर म्हणाले, "तू इचारलं न्हवतंस. तू नुसतं म्हनली व्हतीस." मी रडले. ते खेळत राहिले. त्यांच्याही नाकातून पाणी येत होतं, ते सदऱ्याच्या बाहीला पुसत होते, एका हातानं, खेळ न थांबवता. मला ह्या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता.

शेवटी डबा बंद केला, बनियनच्या फडक्यानं पुसला, आणि बटण अंगठ्याखाली चाचपत म्हणाले, "चांगलं लावलंयस. पर ह्ये टिकायचं न्हाय माज्या हाताला. परत बिगडलं की हितं कोन बघंल?"

मी म्हटलं, मला काय माहीत. शिवपुत्रकडे जा.

"त्यो होल मारंल."

 भांडी घासायची राहिली होती, ती घासायला गेले.

३१ मे, शुक्रवार. टेंभुर्णी

सकाळी टेंपो आला. सगळं चढलं. ड्रायव्हर दारातून खाटेकडे बघत म्हणाला, "हे बी घ्यायचंय का राहतंय?"

अण्णा पायात चप्पल घालून, टोपी घालून, पेटी मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते. सदरा इस्त्रीचा. कुठे निघाले होते विचारलं असतं तर चहाला म्हणाले असते. मला ने, असं त्यांनी अखेरपर्यंत म्हटलं नाही. मीही विचारलं नाही, ठरवलं होतं तसंच.

मी ड्रायव्हरला म्हटलं, खाट घे. तांब्याची पट्टी त्या अंगठ्याखाली महिनाभरही टिकायची नाही, आणि दर वेळी दुरुस्तीसाठी टेंभुर्णीहून सोलापूरला येणं मला परवडणार नाही. फॉल्ट जिथे होतो तिथेच माणूस असावा लागतो. एवढंच कारण आहे.

सुंदरम्मा पदरानं डोळे पुसत हसत होती. जेवण रद्द करते म्हणाली, मी म्हटलं, करा.

केबिनमध्ये तिघं बसलो. मोहोळ मागे पडल्यावर अण्णांनी पेटी उघडली, फडकं सोडलं, डबा मांडीवर ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "संघे, सेल घेतलंस का गं?"

दोन पाकिटं घेतली होती. भिंतीवरच्या घड्याळातला सेलही निघताना काढून घेतला होता. पण इतक्या सहज मी विसरणार नव्हते. समोरच्या काचेकडे बघत, ड्रायव्हरला म्हटलं, "म्हणावं, आहेत."

ड्रायव्हर गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. मी पर्समधून सेल काढून त्यांच्या हातावर ठेवले. टुंगटुंग सुरू झाली. ड्रायव्हरनं आवाज कमी करता येतो का विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं.